गोव्यात भुकेल्यांना जेवण द्यायचंय? आधी वार ठरवा

गोव्यात जेवण वाटायला हौसेने पुढे येणारी माणसं भरपूर आहेत. नाताळच्या आठवड्यात मडगावच्या बाजारात फुटपाथवर झोपणाऱ्या एकाच माणसासमोर बिर्याणीची दोन-तीन पाकिटं येऊन पडतात. आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी, निम्मं शहर गावच्या घरी गेलेलं असतं, खानावळींची शटरं खाली असतात, तेव्हा त्याच माणसाकडे कोणी फिरकत नाही. चार-सहा मित्र, शेजारी किंवा ऑफिसातले सोबती मिळून अशा दिवशीही चुकणार नाही असं काही सुरू करू पाहत असाल, तर कुठून आणि कसं, ते इथे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. महिन्यातून एकदा शंभर पाकिटं वाटण्यापेक्षा दर रविवारी वीस माणसांना जेवू घालणं कितीतरी बरं. रविवारी सातला जेवण येतं हे ज्याला ठाऊक आहे, तो हातातले चाळीस रुपये त्या दिवशी गोळ्यांसाठी किंवा बसच्या तिकिटासाठी ठेवू शकतो. उलट बाजूही आहे. पाऊस आहे म्हणून तुम्ही गेला नाहीत, तर तो उपाशी झोपतो, कारण तुमच्या भरवशावर त्याने दुसरीकडे काही शोधलेलंच नसतं. म्हणून सगळा हिशेब जुलैतल्या धो धो पावसात जमेल एवढाच धरायचा. डिसेंबरात सगळंच जमतं.

आधी नुसतं फिरून या

चूल पेटवायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी, दुकानं बंद व्हायच्या सुमारास, रिकाम्या हाताने फिरा. पणजीत कदंब बसस्थानक, मार्केटचा परिसर आणि अठरा जून रस्त्यावरच्या दुकानांचे ओसरीसारखे व्हरांडे. मडगावात बाजारपेठ आणि कोकण रेल्वे स्थानकाबाहेरचा भाग. म्हापशात बाजार आणि बसस्थानक, वास्कोत रेल्वे स्टेशनचा परिसर. पुठ्ठे पसरायला सुरुवात झाली की कोण रोजचा झोपणारा आणि कोण गाडीची वाट पाहणारा हे कळतं. बसस्थानकावर बसलेला प्रत्येक मळकट कपड्यांतला माणूस बेघर नसतो. मजुरी करून दमलेल्या माणसाच्या हातात न विचारता पाकीट ठेवलं तर त्याच्या मनाला ते लागतं, आणि लागायलाच हवं.

विचारणं सोपं आहे. कोकणीत "जेवण जालें?", हिंदीत "खाना खाया?", कर्नाटकातून आलेल्या माणसाला "ऊट आयता?". उत्तर "हो" आलं तर दोन शब्द बोलून पुढे जायचं. वयस्कर माणसाला मामा, मावशी, आजी म्हणा. "ए बाबा" नको.

एका छोट्या वहीत लिहून ठेवा: कुठे किती माणसं, त्यांत म्हातारी किती, मुलं किती, दात नसलेले किती. नावं लिहू नका, लागत नाहीत. हा आकडाच पुढचा स्वयंपाक ठरवतो.

अजून एक जागा बहुतेकांच्या डोक्यात येत नाही, ती म्हणजे इस्पितळं. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, सिंधुदुर्गातून, कारवारकडून रुग्ण येतात. आतल्या रुग्णाला जेवण मिळतं. त्याच्याबरोबर आलेली बायको किंवा मुलगा मात्र दिवसचे दिवस चहा-बिस्किटावर काढतात, कारण आणलेले पैसे तपासण्यांत आणि औषधांत संपलेले असतात. ही माणसं बेघर नाहीत, घरी गेली तर दोन वेळचं खाणारी आहेत, म्हणून मागायला ती सगळ्यांत जास्त लाजतात. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या माणसाशी मराठीत बोलणारं कोणी भेटलं की तो जरा मोकळा होतो. मराठी बोलणाऱ्या गटाने तिथून सुरुवात करावी असं मला वाटतं. मात्र आवारात वाटप करायचं तर इस्पितळाच्या प्रशासनाची लेखी परवानगी आधी घ्या. मडगाव आणि म्हापशाच्या जिल्हा इस्पितळांनाही तेच लागू.

वार आणि वेळ

रविवार घ्या. पणजी-मडगावचे बाजार रविवारी बंद असतात. एरवी चहा देणारा गाडेवाला, उरलेला पाव देणारा हॉटेलवाला, भाजी विकून झाल्यावर चार केळी ठेवून जाणारी बाई, यांतलं कोणीच त्या दिवशी नसतं. तुम्हालाही सुट्टी असते. वेळ संध्याकाळी सात ते आठ. त्याआधी माणसं विखुरलेली असतात, नंतर काही जण दारू पिऊन झोपलेले असतात. गोव्यात दारू स्वस्त आहे आणि रस्त्यावर राहणाऱ्यांतले काही जण पितात. प्यायलेल्या माणसाला जेवण द्यायचं की नाही, यावर नव्या गटांत हमखास वाद होतो. द्यायचं. रिकाम्या पोटी दारू त्याला जास्त बाधते. पण झोपलेल्याला हलवून उठवू नका, आणि उशाशी पाकीट ठेवून जाऊ नका. ते कुत्री नेतात किंवा सकाळी तो आंबलेलं खातो.

काय शिजवायचं, आणि नारळाचं काय

इथे गोंयकार मन मोडावं लागतं. आपल्या स्वयंपाकात नारळाशिवाय पान हलत नाही. तोणाक, मुगागाठी, खतखतं, पावाबरोबरची पातळ भाजी, सगळ्यांत वाटलेला नारळ. आणि गोव्याच्या दमट उष्म्यात सगळ्यांत आधी विटतो तो हाच. घरी जेवण तासाभरात पानात पडतं म्हणून चालून जातं. डब्यात बंद करून, स्कूटरवर घालून, दोन ठिकाणी थांबत न्यायच्या जेवणात नारळ घालू नका. खोबऱ्याची चटणी तर मुळीच नको. मासेही नकोत: काटे, वास आणि खराब व्हायची भीती, तिन्ही कारणं पुरेशी आहेत. दही, ताक, दूध, खीर हे सगळं बाजूला ठेवा. मांस टाळलं की हलाल, श्रावण, सोमवार हे प्रश्नही उरत नाहीत.

उरतं काय? बरंच उरतं. मुगाची खिचडी हा सगळ्यांत भरवशाचा पदार्थ: एका भांड्यात होते, मऊ असते, दात नसलेल्या आजीलाही जाते, आणि पोटाला जड पडत नाही. डाळ-भात, वाटाण्याची किंवा चवळीची नारळ न घातलेली उसळ, बटाट्याची सुकी भाजी आणि पाव. पावासाठी पोदेराला, म्हणजे पाव भाजणाऱ्याला, आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि मऊ पाव मागा. कडक सालीचा उंडो चवीला कितीही छान असला तरी म्हाताऱ्या हिरड्यांचं काही खरं नाही. तिखट कमी, तेल कमी. ज्याने दोन-तीन दिवस नीट खाल्लेलं नाही त्याच्या पोटात एकदम तेलकट पुलाव गेला तर उलटी होते. अशांसाठी एका थर्मासमध्ये उकड्या तांदळाची पेज आणि मीठ वेगळं न्या. पेज हे आजाऱ्याचं खाणं म्हणून आपण नाक मुरडतो, पण ती पहिल्यांदा हातात घेणाऱ्याचा चेहरा पाहिलात तर मुरडणार नाही.

पंचवीस माणसांच्या खिचडीला दोन किलो तांदूळ, पाऊण किलो मूगडाळ, दीड किलो भाज्या (गाजर, दुधी, टोमॅटो; पालेभाजी मात्र नको, ती लवकर उतरते), पाव लिटर तेल. मीठ शंभर ग्रॅमच्या आसपास, पण आधी कमी घालून चव बघा. शिजून दहा-अकरा किलो होते, म्हणजे माणशी चारशे ग्रॅमच्या वर. दिवसभर चाललेल्या माणसाला एवढं लागतंच. खिचडीला उकडा तांदूळ घेऊ नका, डाळ विरघळून जाते आणि तो तसाच राहतो. एवढ्यासाठी वीस लिटरचं जाड बुडाचं टोप पुरतं. मोठं भांडं नसेल तर तीन घरांत तीन मोठे कुकर लावा, पण मग प्रत्येक घरचा डबा वेगळा ठेवा. एकत्र मिसळलं आणि त्यातलं एक बिघडलेलं निघालं, तर सगळंच टाकावं लागतं.

दोन तासांचं घड्याळ

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ही. शिजवलेलं अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर असेपर्यंत सुरक्षित, त्याखाली कोमट होऊन पडलं की जंतूंची चैन. भाताचा धोका लोकांना माहीत नसतो. तांदळातच बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून "सकाळचा भात आहे, गरम करून देऊ" हे वाक्य तुमच्या गटात कोणी उच्चारलं तर तिथेच थांबवा. रस्त्यावरच्या माणसाला जुलाब झाले तर जवळ ना संडास, ना पाणी, ना कोणी बघणारं.

व्यवहारात: पाचला चूल, सव्वासहाला गॅस बंद, लगेच झाकणाच्या हॉटपॉटमध्ये किंवा जाड इन्सुलेटेड डब्यात भरायचं, पावणेसातला निघायचं, सव्वाआठच्या आत शेवटचं ताट. गॅस बंद झाल्यापासून दोन तास उलटले की उरलेलं वाटायचं नाही, घरीही न्यायचं नाही. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून गॅस बंद केल्याची वेळ पेनाने लिहा. वाद मिटतात. दोनशे-तीनशे रुपयांत अन्नाचा थर्मामीटर मिळतो, एक घेऊन ठेवा. ज्याला सर्दी, जुलाब किंवा हातावर जखम आहे त्याने त्या दिवशी स्वयंपाकघरात यायचं नाही, मग तो गटाचा पुढारी का असेना.

लग्नातलं उरलेलं

नवा गट सुरू झाला की पहिला फोन कुठल्यातरी केटररचा येतो. देशभर असं उरलेलं अन्न गोळा करणारे गट आहेत. २०१४ साली दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हुड आर्मी पैसे न घेता हॉटेलांतलं जास्तीचं अन्न स्वयंसेवकांकरवी पोचवते. कल्पना चांगली आहे. पण गोव्यातलं लग्नाचं वेळापत्रक वेगळं असतं. ख्रिस्ती लग्नाचं रिसेप्शन रात्री रंगतं, जेवण उशिरा लागतं, आणि "पन्नास माणसांचं उरलंय, घेऊन जा" हा फोन मध्यरात्रीच्या सुमारास येतो. तोपर्यंत ते अन्न बुफेवर दोन-तीन तास बसलेलं असतं आणि ज्यांना द्यायचं ते झोपलेले असतात. असलं अन्न घेऊ नका. हिंदू लग्नाचं दुपारचं जेवण मात्र तीनपर्यंत आटोपतं. तिथे आधीच सांगून ठेवलं तर स्वयंपाकघरातलं, बुफेवर न आलेलं अन्न वेळेत मिळतं, मात्र दोन तासांचं घड्याळ त्यालाही लागू.

केटररला चारच प्रश्न विचारा: कधी शिजवलं, पंगतीत किंवा बुफेवर गेलं होतं का, आतापर्यंत गरम कसं ठेवलं, नारळ-दूध-मासे आहेत का. एकाचंही उत्तर पटलं नाही तर आभार मानून नको म्हणा. वास चांगला येतो, चव चांगली लागते, याला काही अर्थ नाही. नको म्हणणं जड जातं. देणारा नाराज होतो, "भुकेल्याला काय चालत नाही?" असंही ऐकवतो. ऐकून घ्या.

कागदपत्रं, थोडक्यात

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये अन्नव्यवसायाच्या व्याख्येत नफ्यासाठी नसलेली कामंही येतात, त्यामुळे नेमाने शिजवून वाटायचं ठरलं की अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन लहान प्रमाणावरच्या नोंदणीची चौकशी करा. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ साली केंद्राचे वेगळे नियम आले. अन्न विकायचं नाही आणि कुठून आलं, कधी दिलं याची नोंद ठेवायची, एवढं तरी पहिल्या दिवसापासून पाळा. गोव्यात भीक मागण्याला प्रतिबंध करणारा १९७२ सालचा कायदा आहे. तुम्ही जेवण देणं म्हणजे भीक नव्हे, पण तुमच्यामुळे माणसं गोळा होऊन त्यांच्यावरच कारवाई व्हायला नको. सुरुवातीलाच जवळच्या पोलीस स्टेशनवर आणि पालिकेत एक साधं पत्र देऊन या: कोण, कुठे, कुठल्या वारी, किती वाजता. रेल्वेच्या आवारात वाटायचं तर रेल्वेची परवानगी वेगळी. ती मिळेपर्यंत बाहेरच थांबा.

वाढताना

पाकीट की ताट? जिथे दहा-पंधरा माणसं एका ठिकाणी बसू शकतात तिथे ताट वाढा. पुन्हा वाढता येतं, नको ते सांगता येतं, अन्न वाया जात नाही. बेतीच्या गुरुद्वारात एकदा लंगरला बसून या. वाढणारा आणि जेवणारा यांच्यातलं अंतर कसं मिटवायचं हे तिथे बघूनच कळतं, सांगून नाही. विखुरलेल्यांसाठी पाकिटं ठेवा. प्लास्टिकच्या ताटल्या, चमचे, पेले यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, थर्माकोलही नाही. सुपारीच्या विरीच्या ताटल्या किंवा पानांच्या पत्रावळी बाजारात मिळतात. पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी वीस लिटरचा जार आणि स्टीलचे पेले न्या, आणि हात धुवायला वेगळी बादली. जेवण देतो आणि हात धुवायला पाणी देत नाही, हे बरं दिसत नाही. शेवटी सगळ्या पत्रावळी तुमच्याच पिशवीत परत यायला हव्यात. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर खरकटं दिसलं तर दुकानदार तुम्हाला काही बोलत नाही, तिथे झोपणाऱ्यालाच हाकलतो.

फोटो नाही. स्वयंसेवकांचा स्वयंपाकघरातला फोटो हवा तेवढा काढा, जेवणाऱ्याचा नाही, पाठमोराही नाही. देणगीदार पुरावा मागतात हे खरं. त्यांना डाळ-तांदळाच्या बिलांचा आणि भरलेल्या टोपाचा फोटो पाठवा. तेवढ्याने समाधान न होणाऱ्या देणगीदाराशिवायही काम चालतं.

वाटपाला किमान तिघं हवीत, त्यांत एक बाई असलेली बरी. रस्त्यावर राहणाऱ्या बायका पुरुषांच्या घोळक्याकडे येत नाहीत. रांगेत भांडण झालं तर आवाज चढवू नका, वाढणं दोन मिनिटं थांबवा.

जेवणापलीकडचं काही दिसलं तर

नेमाने जायला लागलात की चेहरे ओळखीचे होतात, आणि मग जखमा, ताप, एकट्याने बडबडणं हेही दिसायला लागतं. तुम्ही डॉक्टर नाही, औषधं वाटू नका. आजाऱ्यासाठी १०८. एकटं किंवा संकटात सापडलेलं मूल दिसलं तर १०९८. निराधार वृद्धासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि प्रोव्हेदोरिया या नावाने गोव्यात ओळखली जाणारी सार्वजनिक सहाय्य संस्था वृद्धाश्रम चालवते, तिथे चौकशी करता येते. मानसिक आजारामुळे भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देण्याची जबाबदारी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने पोलिसांवर टाकली आहे. त्यामुळे स्टेशनवर जाऊन सांगताना तुम्ही मेहेरबानी मागत नसता. मात्र त्या माणसाला न विचारता कुठल्याही आश्रमात "सोय" लावून देण्याची घाई करू नका. काहींना जायचं नसतं, आणि त्यांची कारणं असतात.

पैसे आणि माणसं

पहिले सहा महिने रोख देणगी घेऊ नका. तांदूळ, डाळ, तेल, पत्रावळी वस्तूरूपानेच घ्या, आणि कोणी काय दिलं ते ग्रुपवर टाका. पैशांवरून फुटलेले गट जेवढे दिसतात, तेवढे कंटाळ्याने फुटलेले दिसत नाहीत. वाढदिवसाला जेवण देऊ इच्छिणाऱ्यांना तुमचा रविवार द्या, त्यांचा वार घेऊ नका. त्यांना केकही आणायचा असतो. केक नको, केळी आणा म्हणावं.

माणसं मोजताना आठ जणांची नावं असली तर चार येतील असं धरा. स्वयंपाक, नेणं-आणणं आणि भांडी घासणं ही तीन कामं आळीपाळीने फिरली पाहिजेत. भांडी कायम एकाच्याच गळ्यात पडली की तो दोन महिन्यांत गळतो. जून ते सप्टेंबर स्कूटरऐवजी एक चारचाकी पक्की करा. पावसात माणसं नेहमीच्या जागा सोडून छपराखाली सरकतात, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन पुन्हा एक फेरी मारावी लागते.

आणि चवथ. गटातले निम्मे जण सावईवेरे, पेडणे, काणकोण, जिथे ज्याचं मूळ घर तिथे गेलेले असतात. ज्यांच्या घरी गणपती नाही, किंवा दीड दिवसाचा आहे, त्यांच्याकडे ते दिवस सोपवा. ख्रिस्ती आणि मुसलमान मित्र गटात असतील तर ते आनंदाने घेतात. नाताळात आणि ईदला तुम्ही त्यांची पाळी घ्या. पोदेर त्या दिवसांत भट्टी लावणार आहे का ते आधी विचारून घ्या, नाहीतर खिचडीच करा. ही यादी श्रावण लागला की करायला बसा. चवथीच्या आठवड्यात फोन केलात तर पलीकडे आरती चालू असते.